बाळाचा लुळा हात : वेळेवर उपचार आणि घराची साथ

पांडेसरा आणि उधना भागातील आपली पुष्कळ कुटुंबे धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली आहेत. गावी थोडीफार शेती आणि इथे मिलमध्ये किंवा लूमवर काम, असा दोन्हीकडचा संसार. पहिले बाळंतपण बहुधा सुनेच्या माहेरी होते. सव्वा महिना तिथे जातो, मग आणखी दीड-दोन महिने जातात आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की मायलेकरे सुरतेला येतात. ही रीत चांगलीच आहे. बाळंतिणीला आईची माया आणि विसावा मिळतो. परंतु बाळाचा एक आजार असा आहे की त्याच्या उपचाराचे सर्वांत मोलाचे दिवस नेमके ह्या तीन-चार महिन्यांत निघून जातात. जन्माच्या वेळी खांद्याच्या नसा ताणल्या जाऊन हात लुळा पडणे, हा तो आजार. डॉक्टर त्याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. ह्या अंकात त्याची माहिती करून घेऊ.

हे कसे होते?

मानेतील मणक्यांमधून दोन्ही बाजूंना पाच-पाच जाड नसा निघतात. खांद्यापाशी त्या एकमेकींत गुंततात आणि पुढे हातात जातात. खांदा उचलणे, कोपर वाकवणे, मूठ मिटणे ही सगळी कामे ह्या पाच नसांवर चालतात. बाळंतपणात कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडाखाली अडकतो. त्या वेळी डोके आणि खांदा यांमधील अंतर वाढून मानेवर ताण येतो आणि नसा ओढल्या जातात. बाळ पायाळू असले तरी असे होऊ शकते.

नसांना झालेली इजा सारखी नसते. सुंभाच्या दोराचा दाखला घ्या. दोर नुसता ताणला गेला असेल तर तो पुन्हा पूर्ववत होतो. काही पेड तुटले असतील तर तो कसाबसा टिकतो. मधोमध तुटला असेल तर गाठ मारावी लागते आणि खुंटीपासूनच उपटला गेला असेल तर त्याच खुंटीला तो पुन्हा बांधता येत नाही. नसांचेही तसेच आहे. सुदैवाने बहुतेक बाळांच्या नसा नुसत्या ताणलेल्या असतात आणि हात काही आठवड्यांत हलू लागतो. तरीही अशा बाळांपैकी साधारण २० ते ३० टक्के बाळांच्या हातात काही ना काही उणीव कायम राहते, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. कोणते बाळ कोणत्या गटातले, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून लक्ष ठेवावे लागते.

बाळ चार किलोहून मोठे असेल, आईला मधुमेह असेल, आधीच्या बाळंतपणात खांदा अडकलेला असेल किंवा चिमटा लावून बाळंतपण करावे लागले असेल, तर धोका अधिक असतो. म्हणून गरोदरपणी साखरेची तपासणी अवश्य करावी आणि बाळंतपण दवाखान्यातच करावे. खांदा अडकला तर जाणकार परिचारिका आईच्या मांड्या पोटाकडे दुमडते आणि ओटीपोटाच्या हाडाच्या वरच्या बाजूला दाब देते. एवढ्याने पुष्कळदा खांदा सुटतो. अशा वेळी बाळाचे डोके जोराने ओढणे किंवा वरून पोट दाबणे ही दोन्ही कामे घातक आहेत. मात्र ध्यानात ठेवा, अमेरिकेतील मोठ्या पाहणीत असे आढळले की निम्म्याहून अधिक बाळांच्या बाबतीत वर सांगितलेले कोणतेही कारण आधी दिसले नव्हते.

कसे ओळखावे?

निरोगी तान्हे बाळ दोन्ही हात कोपरात दुमडून मुठी छातीशी धरते. दचकले की दोन्ही हात सारखे फाकवते. ज्याच्या वरच्या नसा दुखावल्या आहेत त्याचा एक हात अंगालगत सरळ पडून राहतो, आत वळलेला असतो आणि तळवा मागे फिरलेला असतो. बोटे मात्र हलतात. सर्व नसा दुखावल्या असतील तर बोटेही हलत नाहीत आणि हात चिंधीसारखा लोंबतो. त्याच बाजूची पापणी खाली आलेली आणि डोळ्याची बाहुली लहान दिसली, तर इजा खोलवर आहे असे समजावे आणि विशेषज्ञाकडे जाण्यास मुळीच विलंब लावू नये.

आणखी एक सूचना. जन्मानंतर हात चांगला हलत होता आणि काही दिवसांनी हलेनासा झाला, हात लावताच बाळ कळवळते, ताप किंवा सूज आहे, तर ते नसांचे दुखणे नव्हे. सांध्यात किंवा हाडात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गळ्याजवळचे हाड मोडल्यानेही बाळ हात हलवत नाही, म्हणून डॉक्टर एक्स-रे काढून पाहतात.

महिने मोजा

नस तुटल्यावर ती मुळापासून पुन्हा वाढू लागते, पण तिची चाल दिवसाला साधारण एक मिलीमीटर, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर एवढीच. पाटाच्या शेवटी असलेल्या शेताचे काय होते ते आपण जाणतो. पाणी वेळेत पोचले तर पीक जगते. फार उशिरा पोचले तर पाणी असूनही उपयोग होत नाही. हाताचे स्नायूही नसेची वाट पाहत असतात आणि दीड-दोन वर्षांत ते वाळून जातात. मग नस पोचली तरी स्नायू काम करीत नाही.

ह्यासाठी पुढील हिशेब लक्षात ठेवावा.

पहिला महिना : जन्मतःच हात हलत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. महिना संपेपर्यंत हात पूर्ण सुधारला नाही तर ह्या आजाराची माहिती असलेल्या शल्यचिकित्सकाकडे चिठ्ठी मागावी.

तिसरा महिना : बाळ स्वतःच्या बळाने कोपर वाकवते का, हे पाहण्याची ही वेळ. वाकवीत असेल तर आशा चांगली. मुळीच वाकवीत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. सर्व नसा निकामी असतील तर डॉक्टर ह्याच सुमारास शस्त्रक्रिया सुचवतात.

तिसरा ते नववा महिना : नसांची शस्त्रक्रिया बहुधा ह्या काळात होते. मूल बसू लागले की एक सोपी परीक्षा करतात. त्याच्या हातात बिस्किट देतात, दंड अंगाशी धरून ठेवतात आणि ते मान फारशी न वाकवता हात तोंडापर्यंत नेते का, हे पाहतात.

शस्त्रक्रियेत काय करतात ते शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. ते कलम आहे. पोटरीतून एक अशी नस काढतात जिच्यावाचून चालणे अडत नाही, आणि तिचे तुकडे तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये जोडतात. नस मुळापासूनच उपटली असेल तर शेजारच्या चालू नसेची एक फांदी वळवून घेतात. कलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी आंबे लागत नाहीत, तसेच इथेही फळ दिसायला अनेक महिने लागतात. हात शंभर टक्के पूर्ववत होईल असे वचन कोणी देऊ नये आणि कोणी मागू नये. पण ज्या हाताने तोंडात घास जात नव्हता त्याने घास जाऊ लागणे, हेही थोडे नाही. मूल दोन-तीन वर्षांचे झाल्यावर खांदा बाहेर वळत नसेल तर स्नायूंची जागा बदलण्याची वेगळी शस्त्रक्रियाही करता येते. म्हणून उशीर झालेल्यांनीही निराश होऊ नये.

घरचे काम

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, व्यायाम प्रत्येक बाळाला लागतो. हात लुळा पडून राहिला की खांदा आखडतो आणि पुढे सांधा निखळू लागतो. पहिले काही दिवस हाताला विसावा द्यावा. नंतर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावा आणि शिकवला तसाच करावा. दंड अंगाशी धरून, कोपर दुमडून, पंजा हळूच बाहेरच्या बाजूला नेणे हा त्यातला मुख्य व्यायाम. लंगोट बदलताना प्रत्येक वेळी केला की वेगळा वेळ काढावा लागत नाही. बाळ रडेल इतका जोर लावू नये.

अंगडे घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झबल्यालाही हाच नियम. पहिल्या महिन्यात बाळाला काखेत धरून उचलू नये आणि हात धरून तर कधीच ओढू नये. अशा हाताला काही मुलांत जाणीव कमी असते. चूल, इस्त्री, गरम तवा यांपासून मुलाला जपावे, कारण भाजले तरी त्याला कळत नाही.

हाडवैद्याकडून हात ओढून घेणे, जोराची मालिश आणि डाग देणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. दुखावलेली नस डागाने जुळत नाही. बाळाला जखम मात्र होते आणि महिने फुकट जातात.

दोष कोणाचा?

हात लुळा दिसला की घरात बोलणे सुरू होते. सासू म्हणते, सुनेला कळा देता आल्या नाहीत. माहेरचे सुईणीला बोल लावतात. कोणी ग्रहणाची आठवण काढते. मुलगी असेल तर हिचे लग्न कसे होणार, ही चिंता तान्हेपणीच सुरू होते. आई निमूट ऐकून घेते आणि बाळाचा हात पदराखाली झाकते. झाकलेल्या हाताला व्यायाम कोण देणार?

ह्या बाबतीत एका राजघराण्याची हकीगत बोलकी आहे. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिन येथे पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात लुळा पडला. त्याची आई इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. घरी कशाचीच कमतरता नव्हती. पण त्या काळी योग्य उपचार ठाऊक नव्हते. नुकत्याच मारलेल्या सशाच्या अंगाच्या उबेत तो हात ठेवीत. लुळ्या हाताने काम करावे म्हणून चांगला हात बांधून ठेवीत. विजेचे झटके देत, मान सरळ करण्यासाठी यंत्रात अडकवीत. आईचे मन दुःखाने आणि शरमेने पोळत राहिले, हे तिच्या पत्रांतून दिसते. मोठेपणीही तो हात सुमारे १५ सेंटिमीटर आखूड राहिला आणि छायाचित्रांत सम्राट तो हातमोज्यांआड किंवा तलवारीच्या मुठीवर ठेवून लपवीत असे. शरम आणि छळ यांनी हात सुधारत नाही, मग घर राजाचे असो की मजुराचे.

योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो आणि त्या माणसासाठी काय करायचे आहे तिकडे वळतो. आपल्या घरातही क्रम हाच असावा.

काम वाटून घेतले तर भार हलका होतो. बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाने रात्रीचा व्यायाम आपल्याकडे घ्यावा. आजीने सकाळचा घ्यावा. थोरल्या भावंडांनी खेळणे दुखऱ्या हाताच्या बाजूला धरावे, म्हणजे मूल तो हात पुढे करील. त्यांच्याकडेही थोडे लक्ष द्यावे, नाहीतर सारी माया धाकट्याला गेली असे त्यांना वाटते. पेरणीला किंवा कापूस वेचायला गावी गेल्यावर व्यायाम सुटतो आणि चार महिन्यांनी खांदा आखडून येतो. गावी जाताना केसपेपर बरोबर न्यावेत, तिथे व्यायाम कोण करणार हे आधी ठरवावे आणि पुढची तारीख चुकवू नये.

कोठे जावे?

सुरतेत मजुरा गेटजवळ नवी सिव्हिल हॉस्पिटल आहे आणि त्याच आवारात सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे. उमरवाड्यात महानगरपालिकेचे स्मीमेर हॉस्पिटल आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन आणि आजारी तान्ह्या बाळाचे उपचार मोफत आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत व शाळेत येऊन मुले तपासतात. त्यांना मुलाचा हात दाखवावा आणि पुढील उपचारासाठी चिठ्ठी घ्यावी. मुंबईला जावे लागलेच तर हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. नसांच्या शस्त्रक्रियेसाठी कोणाकडे जावे हे सिव्हिलच्या डॉक्टरांनाच विचारावे, ऐकीव माहितीवर पैसा खर्च करू नये. उणीव कायम राहिली तर अपंगत्वाचा दाखला काढून ठेवावा, पुढे शाळेत आणि परीक्षेत त्याचा उपयोग होतो.

ज्यांच्या घरी लेक किंवा सून बाळंत होणार आहे त्यांनी एवढे करावे. बाळ जन्मल्यावर दोन्ही हात सारखे हलतात का ते पाहावे. एक हलत नसेल तर जन्मतारीख कॅलेंडरवर लिहून तिथून एक महिना आणि तीन महिने मोजून खुणा कराव्यात. सव्वा महिना पुरा होण्याची वाट पाहू नये. त्यात बाळंतिणीचा अपमान नाही आणि माहेरच्या मायेला उणेपणाही नाही. गावाकडच्या नातलगांना हा लेख वाचून दाखवावा.