संस्थेच्या संकेतस्थळास कारभारी हवा

शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीं व उत्पादक कंपन्यांनीं आपापलीं संकेतस्थळें उघडण्याचा प्रघात अलीकडे बराच वाढला आहे, आणि तो स्तुत्य आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं असें आढळतें कीं, संकेतस्थळ बांधून घेण्यास पैसा खर्च होतो, उद्घाटनाचा नारळ फुटतो, आणि त्यानंतर तिकडे कोणी फिरकत नाहीं. कलमें लावावयाचीं आणि राखणदार ठेवावयाचा नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होय. व्यापारी जगांत ह्या राखणदारास कंटेंट मॅनेजर म्हणतात. आम्ही त्यास मजकुराचा कारभारी म्हणूं. त्याचें काम कोणतें व तो कसा निवडावा, ह्यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमचाच अनुभव सांगतों. दोन हंगामांपूर्वीं आमच्या संस्थेच्या पानावर हापूसच्या पांच डझनी पेटीचा आदल्या वर्षाचाच भाव राहून गेला. त्या सालीं मोहोर उशिरा आलेला, फळ कमी आणि खर्च वाढलेला. तीन दिवसांत साठाहून अधिक ग्राहकांनीं जुन्या भावानें पैसे भरले. भाव बदलावा, तर संकेतस्थळ बांधणारे गृहस्थ दुसऱ्या कामावर गेलेले आणि परवलीचा शब्द त्यांच्याचपाशीं. अखेर होता तेवढा माल आम्हीं जुन्याच भावानें पाठविला व तूट सभासदांनीं सोसली. ती तूट पुढील वर्षीं भरून निघाली. परंतु माल संपल्यामुळें ज्यांचे पैसे परत करावे लागले, ते ग्राहक बहुतेक पुन्हा आले नाहींत. दोष त्या गृहस्थांचा नव्हता. हें काम कोणाचें, हें आम्हीं ठरविलेंच नव्हतें.

बाजारांत ग्राहक फळ हातांत घेऊन, वास घेऊन पाहतो. पुण्याच्या किंवा दुबईच्या ग्राहकास तसें करतां येत नाहीं. फोनवरील चार ओळी व दोन छायाचित्रें, एवढाच त्याच्यापुरता आपला माल. कोंकणच्या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या पांच जिल्ह्यांच्या फळाचें तें नांव. त्याच्या वापरासाठीं बागायतदारानें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. बाहेरचा आंबा आपल्या नांवाखालीं खपविला जातो, अशी तक्रार आपण सर्वच करितों. पण आपल्याच पानावर परक्या बागेचें चित्र लाविलेलें असेल, तर ती तक्रार कोणत्या तोंडानें करावयाची?

कारभाऱ्याचें पहिलें काम भाव, शिल्लक माल आणि पाठवणीची तारीख रोजच्या रोज बरोबर ठेवणें, व माल संपतांच तसें स्पष्ट लिहिणें. दुसरें काम मालाचें खरें वर्णन करणें. पेटींत डझन किती, फळाचें वजन काय, फळ अढींत पिकविलेलें कीं कच्चें, हें ग्राहकास हवें असतें. स्तुतीचे शब्द नकोत. कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकविण्यास बंदी आहे, इथिलीन वायूचा मर्यादित उपयोग चालतो, हें त्यास ठाऊक असावें. प्रमाणपत्र हातांत नसतां ‘जैविक’ हा शब्द पानावर येऊं देऊं नये. तिसरें काम पत्रांस उत्तर देणें. ऑनलाइन विक्रीसंबंधीं २०२० सालीं ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जे नियम झाले, त्यांप्रमाणें विक्रेत्याचें नांव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव पानावर द्यावें लागतें. तक्रार पोंचल्याचें ४८ तासांत कळवावें लागतें आणि महिन्याच्या आंत तिचा निकाल लावावा लागतो. अधिकारी संस्थेनें नेमावा. परंतु पत्र प्रथम उघडतो तो कारभारीच.

आतां निवडीविषयीं. संगणकावर सफाईनें काम करणारे पुष्कळ मिळतात, आणि तें ज्ञान थोड्या दिवसांत शिकवितांही येतें. चौकसपणा व खरेपणा शिकवितां येत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, उमेदवारास एक दिवस बागेंत व पॅकिंग शेडमध्यें फिरवावें, आणि एका पेटीचें वर्णन दोनशें शब्दांत लिहावयास सांगावें. ह्या दिवसाची मजुरी त्यास अवश्य द्यावी. लिहितांना त्यानें कोणते प्रश्न विचारले, तें पाहावें. जो वजन, जात, तोडीची तारीख विचारतो तो ठेवावा. जो न विचारतां ‘जगांत सर्वोत्कृष्ट’ असें लिहितो त्यास नमस्कार करावा. दुसरी परीक्षा म्हणून मुद्दाम चार चुका घातलेलें पान पुढें ठेवावें आणि किती सांपडतात तें पाहावें. गांवांतील एखादी शिकलेली मुलगी हें काम शहरांतील कंपनीहून चांगलें करील, कारण खरा माल तिच्या डोळ्यांसमोर असतो.

हल्लीं मजकूर लिहून देणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. मसुदा करण्यास त्यांचें साहाय्य घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु यंत्रानें आपलें झाड पाहिलेलें नसतें. पावसानें अर्धा माल गेला, हें त्यास माणसानेंच सांगावें लागतें. सबब प्रत्येक ओळीखालीं जबाबदार माणूस हवाच.

नेमणूक लेखी करावी. संकेतस्थळाचें नांव, ज्यास डोमेन म्हणतात, संस्थेच्याच नांवें नोंदवावें व त्याच्या नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. परवलीचे शब्द दोन पदाधिकाऱ्यांजवळ असावेत. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहविलेल्या मजकुराचा हक्क लेखी करारावांचून संस्थेकडे येतोच असें नाहीं. म्हणून तें कलम करारांत असावें.

पगार कोठून द्यावयाचा, असा प्रश्न येईल. समजा, तीन संस्थांनीं मिळून एक कारभारी नेमला, आणि प्रत्येकीनें हजार पेट्यांवर पेटीमागें ४० रुपये बाजूस काढले, तर वर्षास १,२०,००० रुपये, म्हणजे महिना १०,००० रुपये होतात. हंगामांत पूर्ण दिवस व एरवीं दोन तास, अशा कामास ही रक्कम विचारांत घेण्याजोगी आहे. पावसाळ्यांत काजू, कोकम व आमरस ह्यांचीं पानें तयार करण्याचें काम असतेंच.

शेवटीं एक गोष्ट संचालकांस सांगावयाची आहे. कारभारी कितीही चांगला असला तरी त्यास बातमी आपणच द्यावयाची असते. आमच्या येथें आतां शेडचा मुकादम रोज सकाळीं आठ वाजतां शिल्लक पेट्यांचा आंकडा कळवितो व त्यानंतरच पान बदलतें. ज्या दिवशीं आंकडा येत नाहीं, त्या दिवशीं विक्री बंद ठेवण्याचा अधिकार कारभाऱ्यास आम्हीं दिला आहे. गेल्या हंगामांत तो त्यानें दोनदां वापरला. त्या दिवशीं संचालकांत कुरबूर झाली खरी, पण पैसे परत करण्याची पाळी एकदांही आली नाहीं. मोहोर येण्यापूर्वींच्या सभेंत आपापल्या संस्थांनीं हा विषय अवश्य घ्यावा, अशी आमची विनंती आहे.