गिअरची दांडी आणि विजेची मोटार

मोटार चालवायला शिकलेल्या कोणालाही विचारावे की, बाबा रे, तुला सर्वांत अधिक छळले कशाने? तो स्टिअरिंगचे नाव घेणार नाही, ब्रेकचेही नाही. तो क्लचचे नाव घेईल. पुढे चढ, मागे टेकून उभा असलेला टेम्पो, आणि डावा पाय हाफ क्लचवर थरथरतो आहे, या परीक्षेपुढे विद्यापीठाच्या परीक्षा काहीच नव्हेत. मी मराठीचा अध्यापक. यंत्रशास्त्राशी माझा संबंध इतकाच, की रोज तोंडात येणाऱ्या शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहण्याची मला खोड आहे. 'गिअर' हा असाच एक शब्द. आपले संसार 'टॉप गिअर'मध्ये चालतात, राजकारणी 'रिव्हर्स' घेतात, आणि सासू-सुनेच्या वादात शहाणा नवरा 'न्यूट्रल' राहतो. आता मात्र ही दांडीच मोटारीतून नाहीशी होऊ घातली आहे.

मुळात गिअर लागतात कशाला? पेट्रोलचे इंजिन उभ्या जागी अगदी दुबळे असते. ते आधी फिरते ठेवावे लागते. मिनिटाला सात-आठशे फेरे झाले तर ते कसेबसे जिवंत राहते, आणि खरा जोर धरते तो दीड हजार फेऱ्यांच्या पुढे. चाके तर जागची हललेली नाहीत! फिरते इंजिन आणि थांबलेले चाक यांची एकदम गाठ घातली तर इंजिन गचका खाऊन बंद पडणार. म्हणून मध्ये क्लच. त्याच्या तबकड्या एकमेकींवर घसरत घसरत हळूहळू एकजीव होतात. आणि पुढे गिअरबॉक्स. लहान मोटारीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण साडेतीन फेरे होतात तेव्हा गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो. वेग कमी, पण जोर मोठा. गिअरची सायकल घेऊन टेकडी चढलेल्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

ही दंतचक्रे सरकवून गिअर बदलण्याची रीत पॅरिसच्या एमिल लेवासोरने १८९१ च्या सुमारास मोटारीत आणली. रीत रानटी आहे खरी, पण चालते, असे तोच म्हणाला होता म्हणतात. पुढची चाळीस वर्षे चालक दातांवर दात खात आणि दातांचे दात वाजवीत गाड्या हाकीत राहिले. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, तेव्हा ती खडखड थांबली. आपल्याकडे मात्र एस.टी.चे जुने चालक त्यानंतरही कित्येक वर्षे डबल क्लच मारीत घाट चढले. लहानपणी चालकाच्या मागच्या बाकावर बसून ती लांबलचक दांडी आणि तिच्यावरचा तो रापलेला हात ज्याने पाहिला असेल, त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

विजेच्या मोटरला यातले काहीच लागत नाही. ती उभ्या जागीच पूर्ण जोर लावते आणि मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांपर्यंत बिनतक्रार जाते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यातला हा सारा मध्यस्थवर्ग घरी बसतो. मोटरचे आठ-दहा फेरे, चाकाचा एक, असे एकच कायमचे प्रमाण. क्लच नाही आणि मागे जायचे तर मोटर उलटी फिरवायची. (पोर्शने २०१९ साली टायकानच्या मागल्या चाकांना दोन गिअर दिले, पण श्रीमंतांचे लाड निराळे.) मुंबईकराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची गाडी सुटली, तेव्हापासून लोकलच्या मोटरमनने कधी क्लच दाबलेला नाही.

मग हे वचन इतकी वर्षे कोठे अडले? वाचकहो, विजेची मोटार नवी नव्हेच. १८९९ साली कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली ती विजेच्याच मोटारीतून. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक विजेच्या होत्या. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरी. हँडल मारायला नको, गिअर टाकायला नको! पण १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोलगाडीचे हँडल सुटले. विजेच्या गाडीला तिच्याच धाकट्या भावंडाने मारले म्हणायचे. खरा दोष बॅटरीचा होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. किलोभर पेट्रोलात जेवढी ऊर्जा साठते तिचा लहानसा अंशच किलोभर बॅटरीत मावतो. मोटर ती फारशी वाया घालवीत नाही, म्हणून निभते. शिवाय आपली वीज अजून बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येते. आणि सोसायटीच्या सभेत चार्जिंगच्या तारेचा विषय काढून पाहा! पाण्याच्या टाकीवरून झाली नसतील एवढी भांडणे होतात.

तरीही माझे मत या गाडीच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आमच्या थोरल्या वहिनी. त्यांचा डावा गुडघा गेला आणि क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी चार वर्षे गाडी सोडली होती. देवळात, दवाखान्यात, भिशीला जायचे तरी 'कोणी सोडता का रे?' असे विचारावे लागे. गेल्या वर्षी विजेची गाडी आली. वहिनींनी पुण्याहून पनवेलपर्यंत ती स्वतः नेली. बोरघाट उतरताना पाय नुसता उचलला की मोटर उलट विजेची जनित्र होते, गाडी आपोआप आवरते आणि बॅटरी भरते. खाली उतरलो तेव्हा आकडा दोन टक्क्यांनी वर गेला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उतरणीला पैसे मिळणारी ही पहिलीच गाडी!"

पण आमच्या पेठेत गिअरबॉक्स दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. आता बॅटरीचा अभ्यासक्रम करतो आहे. मिस्त्रींना दोष कानाने कळतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तिसऱ्या गिअरचा बेअरिंग गेला, हे ते चहाचा कप खाली न ठेवता सांगतात. १ जून १९४८ ला एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. २०२२ साली त्याच तारखेला, त्याच रस्त्याने विजेवरची 'शिवाई' धावली. ती बातमी मुलाने वडिलांना वाचून दाखविली होती. मला त्यांनी विचारले, "सर, पेटीच नसली तर आम्ही उघडायचे काय?" रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे चालतील, असे मी म्हणालो. ते खरेही आहे. मिस्त्री म्हणाले, "माझ्यापुरते होईल हो."

गेल्या महिन्यात वहिनींची गाडी पाहायला ते मुद्दाम आले. बॉनेट उघडून त्यांनी सवयीने कान लावला. वहिनींनी गाडी थोडी पुढे-मागे केली. मिस्त्री बराच वेळ वाकून होते. मग उठून, हात पुसत, मुलाला म्हणाले, "काही ऐकूच येत नाही रे. तुला येतं का?"