वाफसा येईना

एप्रिल संपत आला की रेड रिव्हरच्या खोऱ्यातला शेतकरी रोज शेतात चक्कर मारतो, पण ट्रॅक्टर घरीच ठेवून. बोटभर खोल माती उकरायची, मुठीत तिचा गोळा करायचा आणि अंगठ्याने दाबायचा. गोळा भुसभुशीत फुटला तर पेरणीची तयारी. अंगठ्यासरशी माती पट्टीसारखी लांबत गेली तर मुकाट्याने परत. आपल्याकडे याला वाफसा पाहणं म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी अख्खं वाक्य खर्चावं लागतं. गंमत अशी, की वाफशापायी त्यांचा जीव आपल्यापेक्षा जास्त टांगणीला लागतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवरून ही नदी उत्तरेला कॅनडात जाते. सगळी मेख त्या उत्तरेत आहे. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी खाली, म्हणजे उत्तरेला जातं, तर तिथे पात्र अजून गोठलेलं. खोरंही परातीसारखं सपाट, मैलाला फूटभरसुद्धा उतार नाही. पाणी मग शेतांतच पसरतं. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स हे शहर जवळजवळ पूर्ण रिकामं करावं लागलं होतं.

हे खोरं म्हणजे हिमयुगाच्या अखेरीस इथे पसरलेल्या अगासिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ. त्या तळाचा गाळ म्हणजे इथली काळी चिकणमाती. तिच्यात स्मेक्टाइट जातीची खनिजं असतात, तीच आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात असतात. पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि ओली असताना बुटाला किलोकिलोने चिकटते. फरक एवढाच, की तिथे वर चिखल झाला तरी हात-दीड हात खाली जमीन गोठलेलीच असते. पाणी मुरायला वाटच नाही. ते उडूनच जायला हवं.

आणि उडून जाताना ते जमीन गार करतं. माठाचंच तत्त्व. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत जवळजवळ सहा लिटर बर्फगार पाण्याला उकळी आणता येईल. मे महिन्यात ऊन कितीही चकचकीत पडो, ओल्या शेतावर त्यातला मोठा हिस्सा वाफेत खर्च होतो. शिवाय पाणी तापायलाच जड. एक अंश तापवायला त्याला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. म्हणून हवेत उबारा जाणवत असला तरी बी पडतं त्या खोलीवर थर्मामीटर सात-आठ अंशांवरच अडून बसतो.

मक्याला दहा अंशांखालची उष्णता मोजण्यालायक वाटत नाही. त्याचा हिशेब असा: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, किमान दहाच्या खाली असेल तर दहाच धरायचं, सरासरी काढून दहा वजा करायचे. कमाल १२, किमान ४ अशा दिवशी हाती येतो १ गुण. कमाल २६, किमान १४ असेल तर १०. कोंब जमिनीवर यायला साधारण ६५ गुण लागतात. म्हणजे उबदार आठवड्यात जे काम होतं, त्याला गारठ्यात दोन महिने लागावेत. एवढे दिवस बी थोडंच तगतं? सोयाबीनचं तर पहिल्या दिवशीच ठरतं. कोरडं बी पहिल्यांदा पाणी शोषतं त्या काही तासांत पाणी बर्फासारखं गार असेल, तर पेशींची पातळ आवरणं नीट सांधत नाहीत. आतली साखर बाहेर झिरपते आणि तिच्या वासाने मातीतली बुरशी येते. त्यात पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. बी गुदमरतं ते वेगळंच.

गव्हाची गोष्ट उलटी. इथला गहू वसंतात पेरतात आणि तीन-चार अंशांवरही तो उगवतो. थंडीत तो उलट छान फुटवे धरतो. त्याला नको असतो तो चिखल. चिखलामुळे पेरणी लांबली की फुलोरा जुलैच्या उन्हात सापडतो आणि दाणा बारीक पडतो. थंड वसंताची किंमत गहू अशी उन्हाळ्यात मोजतो.

हाच मोसम गाई विण्याचा. वासराला कोरडी कडाक्याची थंडी एक वेळ सोसते. शून्याच्या आसपासचा पाऊस सोसत नाही. कोरड्या केसांत हवा अडकलेली असते, ती गोधडीचं काम करते. भिजले की गोधडी गेली. ऊब मिळाल्याशिवाय ते उठत नाही आणि उठल्याशिवाय चीक पीत नाही. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट पहिल्या दिवसभरातच बंद होते. मग वासरू पिकअप गाडीत हीटरपुढे ठेवून टॉवेलने पुसत बसायचं. एप्रिल २०२२ च्या मध्यावर नॉर्थ डाकोटात तीन दिवस हिमवादळ झालं, ते नेमकं विण्याच्या ऐन भरात.

कॅलेंडर मात्र थांबत नाही. सप्टेंबरअखेर पुन्हा हिमदहिवराची भीती, आणि पीकविम्याच्या पूर्ण संरक्षणासाठी मका मेअखेरच्या आत पेरलेला हवा. त्यानंतर कमी दिवसांचं वाण शोधा, पीक बदला, नाहीतर 'पेरणी झालीच नाही' असा दावा करा. २०१९ च्या ओल्या वसंतात अमेरिकेत असं १ कोटी ९४ लाख एकर रान पडीक राहिलं. काही जण मीटरभर खोल सच्छिद्र नळ्या पुरून पाणी काढून देतात. उपाय चांगला, पण त्या पाण्याबरोबर नायट्रेटही नदीला जातं.

एवढं सगळं ठाऊक असूनही शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू झालेला ऐकू आला की धीर सुटतो. ओल्यातच पेरणीयंत्र घातलं जातं. त्याच्या तबकड्या तासाच्या दोन्ही भिंती लोण्यासारख्या लिंपत जातात. पुढे ऊन पडतं आणि भिंती विटेसारख्या कडक होतात. जुलैत अशा शेतातलं मक्याचं एखादं रोप उपटून पाहावं. वरून हिरवंगार असतं. मुळं मात्र चहूकडे पसरलेली नसतात. तासाच्या आतल्या आत, पंख्यासारखी चपटी, पुढे-मागे धावलेली असतात.