मामाची गंजी आणि मातीचा श्वास

"माती मेली गं आता."

दिवाळीच्या सुट्टीत बेटेगावला गेले होते, तेव्हा मामाने चहा ढवळता ढवळता हे सांगून टाकलं. डहाणू लोकलने बोईसरला उतरायचं, रिक्षा पकडायची आणि मामाच्या अंगणात जाऊन पसरायचं, हा माझा लहानपणापासूनचा फंडा. पलीकडे तारापूरची एमआयडीसी, अलीकडे मामाची दोन एकर भातशेती. आता त्या दोन एकरांवर गोदामवाल्यांची नजर होती आणि मामाही जवळजवळ तयार झाला होता. "युरिया वाढवला तरी पीक हलत नाही. मेलेली माती सांभाळून काय करू?"

मी पडले ऑफिसवाली. आमच्याकडे डेटाशिवाय कोणी काही बंद करत नाही. म्हटलं, "मामा, रिपोर्ट कुठाय?"

मामाने ट्रंकेतून मृद आरोग्य पत्रिका काढली. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत मातीच्या १२ गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मामाच्या कार्डावर कर्बापुढे 'कमी' लिहिलेलं, बाकी ठीकठाक. पण माती जिवंत आहे की मेलेली, याचा रकानाच नाही! म्हणजे डब्यात काय काय आहे ते कळलं, जेवणारे किती ते नाहीच.

मोजायचं कसं, बॉस?

पहिल्या पावसानंतरचा तो वास आठवा. तुम्ही ऑफिसच्या खिडकीतून फोटो काढून 'मातीचा सुगंध' म्हणून मित्रांना पाठवता ना, तोच. त्यातला मुख्य भाग म्हणजे जिओस्मिन, आणि ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू. एक ग्रॅम चांगल्या मातीत १०० कोटीपर्यंत जिवाणू असू शकतात.

पण शिरगणती अवघड. प्रयोगशाळेत बशीत वाढवून मोजावेत, तर साधारण शंभरातला एखादाच वाढतो. डीएनए तपासावा, तर मेलेलेही हिशेबात येतात. अगदी आपल्या मतदार यादीसारखं! म्हणून मग प्रश्नच बदलतात. किती आहेत ते सोडा, काम किती करतात ते सांगा. ओलसर माती बंद बरणीत ठेवायची आणि तिच्यातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते मोजायचं. मातीचा श्वासच म्हणा ना.

मामाकडे बरणी होती, पण तिच्यात लोणचं होतं. मग मला एक भन्नाट प्रयोग सापडला. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या अ‍ॅग्रोस्कोप संस्थेने आणि झुरिच विद्यापीठाने १,००० लोकांना प्रत्येकी दोन पांढऱ्या सुती चड्ड्या पाठवल्या आणि जमिनीत पुरायला सांगितल्या. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, बुरशी आणि जिवाणूंचं जेवण. जेवणारे जोरात असतील, तर कापडाचा फडशा पडणार.

आम्ही मामाच्या दोन जुन्या गंज्या घेतल्या. एक मामीच्या परसातल्या भाजीच्या वाफ्यात पुरली, दुसरी भात कापून वाल पेरलेल्या शेतात. ओल सारखी राहावी म्हणून शेतातल्या त्या कोपऱ्यालाही मामी कळशीभर पाणी घालायची. "माणसं सोडून आता मातीला गंजी घाला," असं पुटपुटत का होईना.

संक्रांतीचा निकाल

दोन महिन्यांनी, संक्रांतीला परत गेले. परसातली गंजी काढायला गेलो, तर हातात आली फक्त शिवण आणि लेबल, कारण ती पॉलिस्टरची. मामी गालात हसली. तिथे वर्षानुवर्षं शेणखत आणि पालापाचोळा पडतो. शेतातली गंजी मात्र अर्धीअधिक शाबूत होती. पण पाठीवर भोकं आणि काळे-गुलाबी डाग. म्हणजे जेवणारे होते, फक्त थोडे आणि अर्धपोटी.

मग वालाचं एक रोप उपटलं. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या, तर आत गुलाबी. गुलाबी गाठ म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पकडण्याच्या कामावर हजर. "मामा, मेलेल्या मातीत हे होतं का?"

मामा गप्प राहिला, मग म्हणाला, "आपण दरवर्षी राब भाजतो. तेव्हा काय सगळं मरतं?"

काय प्रश्न होता! पालापाचोळा, शेण पसरून रोपवाटिकेची जमीन भाजायची ही आपल्या कोकणची जुनी पद्धत. १९०९ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं, की तापवलेल्या मातीत जिवाणू आधी घटतात, मग पूर्वीपेक्षा जास्त वाढतात आणि अमोनियाही वाढतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासोबत १९१२ मध्ये राबावर अख्खा शोधनिबंध लिहिला. म्हणजे मामा जे करतो त्याची दखल शंभर वर्षांपूर्वीच घेतली गेलीय. पण ही उसळी थोड्या दिवसांची. जिवाणूंना कायमचं पोसायचं तर वर्षभर खाणं हवं.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या भाताच्या तंत्रात नेमकं तेच आहे. गादीवाफे करायचे, नांगरणी, चिखलणी, लावणी काही नाही आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, जिवाणूंची पंगत बसते.

एक मात्र खरं. गंजी कुजली म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. कारखान्यांच्या शेजारी जड धातूंची भीती असेल, तर त्याला प्रयोगशाळाच लागते. मामाची माती आम्ही त्यासाठी वेगळी पाठवणार आहोत.

आणि गोदामवाला? त्याचा फोन परवा माझ्यासमोरच आला. मामा म्हणाला, "यंदा नाही जमणार. पाच गुंठ्यांत नवीन भात करून बघतोय, आणि तिथे माझी गंजी पुरलीय."

तुम्हीही करून बघा

* १०० टक्के सुती, सारख्या आकाराचे दोन कापडी तुकडे घ्या.
* एक कुंडीत, दुसरा सोसायटीच्या बागेत, चार बोटं खोल पुरा.
* जागेवर खूण करा, माती ओलसर ठेवा. कोरड्या मातीत जिवाणू सुस्तावतात.
* ६० दिवसांनी दोन्ही एकाच दिवशी काढा आणि शेजारी ठेवून बघा.
* वॉचमनला आधी सांगून ठेवा!