खोली दुपारी नव्हे, रात्री पाहा

गोवंडी-मानखुर्दचे नाव काढले की लोक नाक मुरडतात. भाडे परवडते म्हणून आम्ही तिथे खोली पाहिली. दलालाने ती भर दुपारी दाखवली. डिपॉझिट न देता आम्ही रात्री १० वाजता पत्नीसह स्टेशनपासून चालत पुन्हा गेलो. गल्लीत दिवे होते. पण सार्वजनिक शौचालयात अंधार, दाराची कडी तुटलेली. ओट्यावर बसलेल्या बायांना विचारले. त्यांनी पलीकडची गल्ली सुचवली. तिथे लेकीबाळी रात्रीही निर्धास्त ये-जा करत होत्या. तिथेच खोली घेतली.

बंधू-भगिनींनो, बदनामीवर जाऊ नका. आपल्या वस्त्यांनाही लोकांनी नावे ठेवलीच आहेत. स्वतः जा, बायकांना विचारा, पोलीस चौकी कुठे ते पाहा. आणि मदतीचा ११२ क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.