अर्धवट राहिलेल्या पदव्यांचा हिशेब कोण देणार?

शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे, तो हक्क आहे. फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र हा हक्क वेळेवर पदरात पडला नाही तर काय होते, हे समाजबांधवांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पोरगा कॉलेजात गेला की आपण पेढे वाटतो. तो पदवी घेऊन बाहेर पडला की नाही, याची चौकशी कोण करतो?

खुद्द बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असा दुहेरी अभ्यास सुरू झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली! १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, कष्टही कमी पडले नव्हते. कमी पडला तो पैसा.

पुढे १९२० साल उजाडले. राजर्षी शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजार रुपयांची मदत केली, माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या छत्रपतींची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, अशी तीन ठिकाणची रक्कम एकत्र झाली, तेव्हा ते जहाजात बसू शकले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टरीही! बाबासाहेबांसारख्या प्रज्ञावंताची ही गत, तर शाहूवाडी-राधानगरीच्या वाडीवरून कोल्हापुरात येणाऱ्या शेतमजुराच्या पोराची काय कथा?

शाहू महाराजांना हे नेमके कळले होते. १९०२ मध्ये त्यांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. पण त्या जागांवर बसायला शिकलेला माणूस हवा, तो शिकायला शहरात राहायला हवा आणि राहायचे तर पोटात अन्न हवे. म्हणून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगपर्यंत वसतिगृहांची रांग उभी राहिली. महाराजांनी नुसते भाषण ठोकले नाही. जागा दिल्या, इमारती दिल्या, कायमची वर्षासने बांधून दिली. दाता गेला तरी चूल विझू नये, हा त्यामागचा विचार होता.

बाबासाहेबांनी एक पाऊल पुढे टाकले. राजाच्या मर्जीवर शिक्षण अवलंबून राहू नये म्हणून १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयकडे लेखी मागणी केली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दान हक्कात बदलले ते असे!

आज तो हक्क कागदावर शाबूत आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेत ६० टक्के वाटा उचलण्याचे ठरवले, पण अडीच लाख उत्पन्नाची अट तशीच ठेवली. त्यात पैसे खात्यावर जमा होईपर्यंत अनेकदा वर्ष सरते. खानावळवाला वर्षभर थांबत नाही. कॉट बेसिसचे भाडे थांबत नाही. परीक्षा फॉर्मची तारीख तर मुळीच थांबत नाही. दोन-चार हजारांसाठी शेवटचे वर्ष बुडते, पोरगा एमआयडीसीत हेल्परला लागतो, पोरीचे लग्न उरकले जाते. अशी गळती कोणाच्या डोळ्यांत येते?

काहीजण म्हणतील, समाजाने पैसे दिले तर सरकार हात झटकेल. आमचे म्हणणे असे की भांडण आणि मदत दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजे. निवेदने द्या, मोर्चे काढा, पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत पोराने उपाशी राहावे काय?

गुणवंतांचे सत्कार आपण पुष्कळ केले. जयंतीला वही-पेन देण्याचा उपक्रमही स्तुत्य आहे. पण वही-पेनाने शाळा चालते, पदवी पुरी होत नाही. प्रत्येक तालुक्यात नोकरदारांनी एक कायम निधी उभारावा. मुद्दल बँकेत राहील, व्याज विद्यार्थ्याच्या फीला जाईल. नव्वद टक्केवाल्याला शोधू नका, एटीकेटीत अडकलेल्याला, फॉर्म भरायचा राहिलेल्याला शोधा. फोटो काढू नका, स्टेजवर बोलावू नका, त्याचा स्वाभिमान जपा. घेणाऱ्याकडून एवढाच शब्द घ्या की नोकरी लागल्यावर तो पुढच्या एकाची पदवी पुरी करील.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला होता. त्यातला थोडा तरी या कामी लावला, तर ते धम्माबाहेरचे काम ठरणार नाही.

राखीव जागांच्या लाभाने आज हजारो घरांत पगार येतो. त्या पगारावर शेवटच्या वर्षात अडकलेल्या पोरा-पोरींचा काही हक्क आहे की नाही, याचे उत्तर ज्याने त्याने पुढच्या एक तारखेला द्यावे.