दहांच्या मंडळात अठरा जण

ज्या घरातलं मूल अमेरिकेत शिकायला निघालेलं असतं, त्या घरी काही नावं सगळ्यांना पाठ झालेली असतात. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट. कुठली फी किती, कुठे थंडी जास्त, कुठे आपली मराठी माणसं भेटतील, अशी चर्चा चाललेली असते. ही सगळी नावं एकाच माळेतली आहेत आणि ती माळ खेळाच्या दोऱ्यात ओवलेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. या माळेचं नाव ‘बिग टेन’, म्हणजे ‘मोठे दहा’. आणि गंमत अशी, की या दहांमध्ये आज अठरा विद्यापीठं आहेत.

ही बेरीज कशी चुकली, हे आज आपण पाहू. त्यात नुसती गंमत नाही. विद्यापीठाच्या मैदानावर सत्ता कुणाची असावी, या प्रश्नाचं सव्वाशे वर्षांचं उत्तर त्यात दडलेलं आहे.

आधी ‘कॉन्फरन्स’ म्हणजे काय ते सांगतो. मी बरीच वर्षं महाविद्यालयाच्या जिमखान्याचं काम पाहिलं. आपल्याकडे खेळाडूची वाट ठरलेली असते. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विद्यापीठाचा संघ, मग विभागीय आणि अखेर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. आपलं विद्यापीठ कुठल्या विभागात, हे नकाशा ठरवतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे विद्यापीठं आपले सोबती आपणच निवडतात. काही जण एकत्र येऊन मंडळ करतात, नियम ठरवतात, वर्षभर मुख्यतः एकमेकांशी खेळतात आणि मिळालेले पैसे वाटून घेतात. म्हटलं तर ही एक भिशीच. कुणाला आत घ्यायचं ते सभासद ठरवतात आणि ज्याला जमत नाही तो बाहेर पडतो. अशा मंडळाला तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात.

बिग टेनची सुरुवात शिकागोतल्या पामर हाउस या हॉटेलात झाली. ११ जानेवारी १८९५ रोजी पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने काही विद्यापीठांचे अध्यक्ष तिथे जमले. विषय होता फुटबॉल. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकी फुटबॉल. या खेळाचं वेड इतकं वाढलं होतं, की वर्गात कधी न बसलेले धट्टेकट्टे गडी विद्यापीठाच्या नावाने मैदानात उतरत. त्या बैठकीत ठरलं, की जो खरोखर पूर्णवेळ विद्यार्थी आहे आणि ज्याचा अभ्यास मागे पडलेला नाही, त्यालाच खेळता येईल. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, मंडळाची रीतसर स्थापना झाली. सभासद सात होते : शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन. मंडळाच्या लांबलचक अधिकृत नावात ‘प्राध्यापक प्रतिनिधी’ हे शब्द होते, आणि ते नाव १९८७ पर्यंत कागदोपत्री टिकलं. खेळाच्या मंडळाची सूत्रं प्राध्यापकांच्या हाती असावीत, ही त्यामागची कल्पना.

१८९९ मध्ये इंडियाना आणि आयोवा आत आले, सभासद नऊ झाले. पण १९०५ च्या हंगामात अमेरिकेत या खेळापायी डझनाहून अधिक तरुणांचे प्राण गेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावं लागलं. बिग टेनच्या प्राध्यापकांनीही १९०६ मध्ये कडक नियम केले. सामन्यांची संख्या पाचावर आणली आणि विद्यार्थ्याला तीनच वर्षं खेळता येईल असं ठरवलं. मिशिगनला हे पटलं नाही. त्यांचा संघ त्या काळी देशात गाजत होता. ते मंडळाबाहेर पडले आणि जवळपास दहा वर्षं बाहेरच राहिले. दरम्यान १९१२ मध्ये ओहायो स्टेट आलं. १९१७ मध्ये मिशिगन परतलं, दहा पूर्ण झाले आणि वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं ‘बिग टेन’.

या दहांतलं एक नाव आज यादीत नाही. ते म्हणजे शिकागो विद्यापीठ. अमेरिकेतल्या सर्वोत्तम विद्यार्थी फुटबॉलपटूला ‘हाइझमन’ करंडक देतात. १९३५ मध्ये त्याचा पहिला मानकरी ठरलेला जे बर्वँगर शिकागोचाच विद्यार्थी. पण विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठात असल्या तमाशाला जागा असावी, हेच मान्य नव्हतं. संघही दुबळा होत गेला. १९३९ मध्ये मिशिगनने शिकागोचा ८५-० असा धुव्वा उडवला. त्याच वर्षाअखेर हचिन्स यांनी फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये शिकागोने मंडळ सोडलं. रिकाम्या पडलेल्या त्या मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली, रॅकेटने खेळायच्या एका बंदिस्त कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. खेळ सोडल्याने विद्यापीठाचं काही बिघडलं नाही, हे शिकागोने दाखवून दिलं. पण त्याच्या मागून कुणी गेलं नाही, हेही तितकंच खरं.

शिकागोच्या जागी १९४९ मध्ये मिशिगन स्टेट आलं, पुन्हा दहा झाले आणि चाळीस वर्षं नाव आणि संख्या जुळत राहिली. १९५८ मध्ये या विद्यापीठांनी शिकागोलाही सोबत घेऊन अभ्यास, संशोधन आणि ग्रंथालयांसाठी सहकार्याची वेगळी संस्था काढली. १९८१ पासून महिलांच्या स्पर्धाही मंडळाच्या कक्षेत आल्या. शेजारची विद्यापीठं, बसने जाता येईल इतकी अंतरं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी चुरस, असं ते चित्र होतं.

ते बदलायला कारण झाला १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तोवर महाविद्यालयीन फुटबॉल दूरचित्रवाणीवर किती आणि कुणाचा दाखवायचा, हे एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी त्याला आव्हान दिलं आणि न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. आता ज्याचा-त्याचा सौदा ज्याने-त्याने करायचा. मग मंडळ जितकं मोठं आणि जितक्या शहरांत पसरलेलं, तितकी प्रक्षेपणाची किंमत जास्त. १९९० मध्ये पेन स्टेटला घेतलं आणि दहाचे अकरा झाले. नाव बदलवेना, म्हणून बोधचिन्हातल्या अक्षरांच्या मधल्या जागेत ११ चा आकडा लपवला. २००७ मध्ये मंडळाची स्वतःची वाहिनी सुरू झाली. २०११ मध्ये नेब्रास्का, २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स. म्हणजे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांच्या परिसरातले प्रेक्षक. त्या काळात ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या दुसऱ्या मंडळात दहा सभासद होते आणि बिग टेनमध्ये बारा-चौदा!

२०२२ मध्ये तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार झाला, तो सात अब्ज डॉलरहून मोठा असल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठं आली आणि अठरा झाले. ज्या मंडळातून ती निघाली, ते ‘पॅक-ट्वेल्व्ह’ १९१५ पासूनचं जुनं घर. २०२४ च्या हंगामात तिथे दोनच सभासद मागे उरले.

आता याचा त्रास कुणाला? फुटबॉल संघाला फारसा नाही. त्याचे सामने आठवड्याला एक, तेही बहुतेक शनिवारी. खरा त्रास व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना. त्यांचे सामने अधूनमधून, ऐन कॉलेजच्या दिवसांत असतात. न्यूजर्सीतल्या रटगर्सपासून लॉस एंजेलिसपर्यंतचं अंतर जवळपास चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. तिथे सामना खेळून परतायचं आणि सकाळच्या तासाला बसायचं, हे वेळापत्रक कुठल्या प्राध्यापकाने आखलं नसतं.

खेळाचं प्रेम मात्र खोटं नाही, हेही सांगायला हवं. वानखेडे स्टेडियममध्ये साधारण ३३ हजार माणसं मावतात. मिशिगनच्या मैदानात एक लाखाहून जास्त. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्कात विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहायला ९२,००३ प्रेक्षक आले होते. मुलींच्या महाविद्यालयीन सामन्याला इतकी गर्दी, याचा मला तरी हेवाच वाटतो.

पण एवढा पैसा फिरू लागल्यावर खेळाडूंनी विचारलं, यात आमचं काय? २०२१ पासून त्यांना आपल्या नावाच्या जाहिरातीतून कमाई करायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. मला हे न्याय्य वाटतं. ज्याच्या घामावर वाहिन्या चालतात, त्याला वाटा मिळायलाच हवा.

तरीही १८९५ च्या बैठकीतला साधा प्रश्न उरतोच : मैदानात उतरलेला हा मुलगा विद्यार्थी आहे का? तेव्हा प्राध्यापकांनी त्याचं उत्तर हजेरीच्या वहीत शोधलं. आज ते करारपत्रात शोधलं जातं. आपल्याकडेही शाळा-कॉलेजच्या खेळांत प्रायोजक आणि वाहिन्या येऊ लागल्या, तर त्यांचं स्वागत जरूर करावं. फक्त सामन्यांचं वेळापत्रक ठरवायला बसताना टेबलाशी एक खुर्ची शिकवणाऱ्याची आणि एक खेळणाऱ्याची राखून ठेवावी.